दोघींची एकच तारीख

"मग असं करा म्याडम, थोरलीचं ऱ्हाऊ द्या. धाकटीचं तेवढं घ्या," तो माणूस फोनवर म्हणाला. त्याच्या मागून एका मुलीचा आवाज आला, अगदी साधा, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसा. "हाव बाबा, माझं ऱ्हाऊ द्या. मी ऱ्हाते घरी." एवढंच झालं. दुपारचे सव्वादोन, नांदेडला तरोडा नाक्याजवळ टायरच्या दुकानावरचं आमचं ऑफिस, कूलरचा खडखडाट, समोर अर्धा डबा. असले दहा फोन दिवसाला येतात आणि दहाच्या दहा मी निस्तरते. पण त्या आवाजाने घास घशात अडकला, खराखुरा अडकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी प्यायचं सोडून मी विचारलं, "मागं कोण बोललं?" "थोरली हाय, साक्षी," तो म्हणाला. "समजदार हाय लई." त्याचं नाव भुजंग, जळकोटजवळच्या गावचा, सकाळपासून दोन्ही मुलींना घेऊन जळकोटच्या फॉर्म भरायच्या सेंटरवर बसलेला. फॉर्म मी बनवलेला. आज शेवटचा दिवस, पाचला फॉर्म बंद. मी म्हणाले, "भुजंगभाऊ, कोणाचंच राहू देऊ नका. हलू नका तिथून. बघून फोन करते."

मी रूपाली. वेबसाइटवरचे फॉर्म बनवणं हे माझं काम आणि ते मला येतं. खोटी नम्रता मला जमत नाही. नांदेडात बसून मी लातूर, परभणी, हिंगोलीच्या संस्थांचे फॉर्म करते, आणि आमच्या रूपालीच्या फॉर्ममधून कचरा आत जात नाही असं बालाजी सर, म्हणजे आमचे मालक, येईल त्या पार्टीला सांगतात. काम तसं सोपं आहे. माणूस रकाने भरतो. फॉर्म आमच्याकडे यायच्या आधीच, त्याच्या मोबाइलमध्ये नाही तर सेंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये, मी लिहिलेला जावास्क्रिप्टचा कोड एकेक रकाना तपासतो. मोबाइल नंबर नऊच आकडी, लाल ओळ. पिनकोडात अक्षर, लाल ओळ. नावाच्या जागी निस्तं टिंब, लाल ओळ. आणि एक जरी लाल ओळ असली तरी खालचं 'अर्ज पाठवा' हे बटण करडं राहतं, बोट दुखेस्तोवर दाबा, जात नाही. मला हे आवडतं, कबूल करते. लोक चुकतात, आणि मी दारातच हळू आवाजात सांगते की बाबा रे, इथं चुकलंय, नीट कर. महिनाभराने 'अर्ज नामंजूर' म्हणून कुणाच्या तोंडावर कागद फेकला जात नाही. खिडकीमागे बसून 'उद्या या' म्हणणाऱ्या बाबूपेक्षा माझा कोड शंभरपट बरा, असं मी चारचौघांत कित्येकदा म्हणाले आहे. सव्वादोनपर्यंत तरी म्हणत होते.

हा फॉर्म लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा. दहावी झाली की आमच्याकडची पोरं लातूरला धावतात, अकरावी-बारावी तिथंच करायची असा रिवाजच पडलाय, आणि मुलगी असली तर आधी राहायची जागा बघतात, मग कॉलेज. या वसतिगृहात सख्ख्या बहिणींना एका खोलीत जागा देतात, म्हणून आईबाप तुटून पडतात. मागच्या साली लोकांनी चुलत, मावस, शेजारच्या, कुठल्या कुठल्या पोरी सख्ख्या म्हणून घुसवल्या. संस्थेचे सचिव साहेबराव सर आमच्या ऑफिसात येऊन बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "या बोगस बहिणींचा कायतरी बंदोबस्त करा." मी तिथल्या तिथं सांगितलं. सर, दोन सख्ख्या बहिणींच्या जन्मात नऊ महिन्यांचं अंतर पाहिजेच की. कमी असेल तर एक तर जुळ्या, नाही तर बोगस. जुळ्या असतील तर दोघींचे दवाखान्याचे जन्मदाखले जोडतील, बोगस असतील तर गपगुमान परत जातील. साहेबराव सरांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणायचं डोकं! बालाजी, ह्या पोरीला सांभाळ बरं." ते आठ-दहा ओळींचं काम, पण त्यावर मी महिनाभर फुशारले. दर सोमवारी मी त्यांना आकडा कळवायचे, आठवड्यात इतक्या बोगस बहिणी दारात अडवल्या म्हणून.

आता मी भुजंगभाऊंचा फॉर्म उघडला. आमच्या फॉर्मात मोबाइल नंबरची खात्री आधी होते, त्यामुळे कोण कुठल्या लाल ओळीवर अडकलंय ते मला इकडे दिसतं. साक्षी, जन्म एक जून दोन हजार नऊ. ऋतुजा, जन्म एक जून दोन हजार नऊ. खाली माझी लाल ओळ: 'दोघींची जन्मतारीख एकच आहे. जुळ्या असल्यास जन्मदाखले जोडा.' बघून आधी मी हसले. अहो, एक जून! मराठवाड्यात एखाद्या लग्नाच्या मांडवात जाऊन ओरडा, एक जूनवाल्यांनी हात वर करा, अर्धा मांडव हात वर करील. लेकराचं नाव शाळेत घालायला नेलं, तारीख कुणाच्या ध्यानात नाही, शाळा जूनमध्ये सुरू होते, सहा वर्षं तर पुरी दिसली पाहिजेत, मग गुरुजी लिहितात एक जून. आमच्या ऑफिसात पाच जणांत तिघांचा वाढदिवस एक जूनला असतो, तिघांत एक केक. त्या तिघांतली एक मी. इथंवर येऊन माझं हसू जागच्या जागी गोठलं. कारण माझ्या दाखल्यावर एक जून एकोणीसशे त्र्याण्णव आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, विशाखाताईच्या दाखल्यावरही एक जून एकोणीसशे त्र्याण्णवच आहे. आम्ही जुळ्या नाही. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. आम्ही दोघी हा फॉर्म भरायला बसलो असतो तर मी माझ्याच कोडच्या हिशोबाने बोगस बहीण ठरले असते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा म्हणून मिरवणारी मी. हे मला सुचलं कसं नाही? टेस्ट करताना मी तीस-चाळीस मुली मनाने जन्माला घातल्या होत्या. बारा मार्च, वीस ऑगस्ट, तीन नोव्हेंबर. सगळ्या नीटनेटक्या, दवाखान्यात घड्याळ बघून जन्मलेल्या, पुस्तकातल्या पोरी. त्यात आमच्यासारखी एकसुद्धा नव्हती. स्वतःची खरी गोष्ट मला इतकी चांगली पाठ होती की ती गंमत म्हणून सांगायचीच सवय लागली होती. आम्ही कागदी जुळ्या, असं मी हॉस्टेलात सांगायचे आणि पोरी हसायच्या. भुजंगभाऊंनी मघाशी सांगितलंच होतं, मीच अर्ध्या कानाने ऐकलं. "जुळ्या न्हाईत म्याडम. दीड-दोन सालाचं अंतर हाय. दोगी झाल्या तवा आमी ऊसतोडीला हुतो, दाखला कोन काढायलंय? शाळंत दोगीला संगटच घातलं, गुर्जीनं एकच तारीख लिवली. आता जुळ्या म्हनून खोटं कसं लिवू? आन् दहावीच्या कागदावरली तारीख बदलता बी येत न्हाई." तो खरं बोलत होता आणि खोटा ठरत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी वळलेला.

संगटच घातलं. हा शब्द मात्र आता माझ्या डोक्यातून हलेना. लोह्याच्या पलीकडे आमचं गाव, शाळा पुढच्या गावात, मध्ये ओढा आणि दोन मैल पांदीची वाट. आमच्या बौद्धवाड्यात शिक्षणाबद्दल कुणालाच शंका नव्हती, पोरगा असो की पोरगी, शिकायचंच. शंका होती ती वाटेची. माय म्हणायची, "एकलीला कशी धाडू? धाकटी चालती होऊ दे, दोगी संगट जातील." म्हणून ताई थांबली. सहा वर्षांची झाली, थांबली. सात वर्षांची झाली, तरी थांबलीच. मला पाय फुटेस्तोवर थांबली, असं माय कौतुकाने सांगते. आम्हाला नाव घालायला नेलं तो दिवस मला आठवतो, किंवा इतक्यांदा ऐकलाय की आठवतो असं वाटतं. गुरुजींच्या टेबलाला निळा कापडी पडदा होता. त्या काळी वय तपासायची एकच रीत होती, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की लेकरू सहा वर्षांचं. ताईने एका झटक्यात कान धरला, पार मुळापर्यंत. माझा हात पोचेना. मी पाच वर्षांची, बोटं कानाच्या वर दोन इंच लटकलेली. ताई माझ्या मागे उभी होती, तिने गुरुजींच्या नकळत माझं डोकं हळूच उजवीकडे कलतं केलं आणि कान बोटांना लागला. "पास," गुरुजी म्हणाले, आणि दोघींच्या नावापुढे एकच तारीख लिहिली. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या तपासणीत मी अशी लबाडीने पास झाले. लबाडी मी केली नव्हती, माझ्यासाठी कुणी तरी केली होती.

भूकंपाचीही गंमत सांगायची आमच्याकडे रीत आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी मायच्या पोटात होते आणि ताई चालत होती. तिकडची जमीन हलली तशी आमच्याही घरातली उतरंड पडली, आणि माय ताईला काखेत आणि मला पोटात घेऊन अंगणात पळाली. कागदावर मात्र मी भूकंपाच्या आधी चार महिने जन्मलेली. शाळेत एकदा 'मी पाहिलेला भूकंप' असा निबंध आला तेव्हा मी बिनधास्त लिहिला. नंबरही आला. ताई माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती, तिने काहीच लिहिलं नाही, कारण तिला काही आठवत नव्हतं आणि खोटं लिहायचं नव्हतं. हे आठवून इतकी वर्षं मी हसत आलेय. आज तरोडा नाक्यावर, कूलरच्या गरम झोतात, मला ताईच दिसायला लागली, वर्गातली सगळ्यात उंच पोर, शेवटच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. पहिलीत तिला सोळापर्यंत पाढे येत होते. कुठून? घरी थांबलेल्या त्या दोन वर्षांत तिने शेजारच्या पोरांची पुस्तकं मागून आणून स्वतःच शिकून घेतले होते. मला 'अ' तिने गिरवून दिला, चुलीपुढच्या राखेत. आणि पाचवी-सहावीत जेव्हा बाकीच्या पोरी बाहुलीसारख्या दिसायच्या तेव्हा ताई बाईसारखी दिसायला लागली, पोरं 'मावशी' म्हणायची, आणि ती उत्तर द्यायला हात वर करायची बंद झाली. हे मी बघत होते. शेजारीच बसले होते की.

दहावीला मला ब्याऐंशी टक्के, तिला एकसष्ट. लातूरला एकीलाच पाठवणं होणार होतं. बाबांनी मायकडे पाहिलं, मायने ताईकडे पाहिलं, ताई भाकरी थापत होती. "रूपालीला धाडा," ती म्हणाली. कागदावर सोळाची, खरी अठरावं लागलेली. त्याच उन्हाळ्यात मुदखेडच्या रेल्वेत कामाला असलेल्या माणसाचं स्थळ आलं, आणि माणूस चांगला होता, आहे. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य आहे. 'विशाखाला अभ्यासाची गोडी नव्हती.' माय म्हणते, बाबा म्हणायचे, मी तर माझ्या ऑफिसच्या मैत्रिणींनाही असंच सांगितलंय. सोळापर्यंत पाढे स्वतःहून पाठ करणाऱ्या पोरीला गोडी नव्हती! मला इतका संताप आला की मी डबा झाकण न लावताच पिशवीत कोंबला आणि उठून बालाजी सरांच्या टेबलापुढे उभी राहिले. पावणेतीन झाले होते.

"सर, वसतिगृहाच्या फॉर्ममधला नऊ महिन्यांचा नियम काढतेय. आत्ता." सरांनी चष्मा वर केला. "कामून? चांगला चाललाय की. साहेबराव खूश आहेत." मी एका दमात सांगितलं, भुजंगभाऊ, दोन मुली, एक जून. सर ऐकत गेले, मग हळू म्हणाले, "ते खरं आहे गं, पण पार्टीला विचारल्याशिवाय कसं? शेवटच्या दिवशी?" त्यांचंही बरोबर होतं. मी त्यांच्याच फोनवरून साहेबराव सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून तेच सगळं सांगितलं. "म्हणजे बोगस बहिणींना पुन्हा दार मोकळं?" ते तिकडून ओरडले. "अगं, तूच अक्कल दिली होतीस आम्हाला!" मी म्हणाले, "सर, अक्कल माझी होती तशी चूकही माझी. एक गोष्ट विचारू? दर एक जूनला लातुरात तुमच्या वाढदिवसाचे बॅनर लागतात. खरंच एक जूनचे का तुम्ही?" बालाजी सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, गेली आता पार्टी हातची. मग साहेबराव सर हसले, खोकला येईपर्यंत हसले. "माय म्हनायची बाळ्या तू पाडव्याचा, दिवाळीतल्या," ते म्हणाले, एकदम गावाकडच्या बोलीत. "हे बॅनरवाले कुठं ऐकतात? बरं. काढ तो नियम. बोगस कोण ते आम्ही रेशनकार्ड बघून ठरवू. पण तू लई बेरकी हायस बरं का." मी होय म्हणाले. आहेच.

बदल करायला सहा मिनिटं लागली. मी ते काम स्वच्छ केलं, दोनदा तपासलं, आणि या वेळी टेस्टसाठी ज्या दोन मुली भरल्या त्यांची नावं विशाखा आणि रूपाली, तारीख एक जून, एक जून. लाल ओळ आली नाही. बटण हिरवं झालं. ताबडतोब भुजंगभाऊंना फोन लावला तर बंद. सेंटरवाल्याच्या नंबरवर लावला. तो म्हणाला, "लाईट गेलीय म्याडम, कवा येईल सांगता येत न्हाई. भुजंगराव चार्जिंग कुठं भेटतंय का बघायला गेले. पोरी बसल्यात इथंच." मी त्याला सांगितलं, लाईट आली की मला फोन करायला लाव, काही झालं तरी. आणि मग तो फोन ठेवता ठेवता मला ते सोमवारचे आकडे आठवले. दारात अडवलेल्या बोगस बहिणी. मी यादी काढली. नऊ महिन्यांच्या ओळीवर थांबून परत गेलेले सदतीस फोन नंबर, आणि त्यांतल्या एकतीस जोड्यांच्या तारखा एक जून, एक जून. किनवट, कंधार, अहमदपूर, देगलूर. मी खुर्चीत मागे टेकले. भुजंगभाऊंनी हेल्पलाइनवर फोन केला होता. बाकीचे लाल ओळ बघून, आपलंच काही चुकलं असेल म्हणून, निमूट उठून गेले होते, आणि मी त्याचा अहवाल पाठवला होता.

यादीतल्या नंबरांना फोन करायच्या आधी मी मुदखेडला फोन लावला. का, ते सांगता येणार नाही. हात आपोआप तिकडे गेला. "काय गं, या टायमाला?" ताई म्हणाली. "समदं बरं हाय ना?" मी म्हणाले, "ताई, दहावीनंतर तुला शिकायचं होतं का?" नळाचं पाणी बादलीत पडत असल्याचा आवाज येत होता. "हाव," ती म्हणाली. "न्हाई तर काय." मी विचारलं, "मग बोलली कामून नाहीस?" "कोन इचारलं?" ती म्हणाली. रागाने नाही, कुरबुर म्हणून नाही, पाणी किती वाजता येतं असं कुणी विचारलं तर सांगावं तसं. मग तीच म्हणाली, "डबा खाल्लास का? पाणी आलंय नळाला, मी ठेवू का?" मी ठेव म्हणाले. मी रडले, सांगायला लाज नाही, दोन मिनिटं रडले, ओढणीने नाक पुसलं, आणि यादीची दोन पानं छापली. बालाजी सरांनी एक पान ओढून घेतलं.

सव्वातीन ते साडेचार मी फोन करत होते. लोकांना आधी पटायचंच नाही. "म्याडम, फोनवर ओटीपी मागू नका, आमी देनार न्हाई," एका बाईने तर मला झाडूनच काढलं, आणि मी तिला म्हणाले, मावशी, शाब्बास, देऊच नका, फक्त फॉर्म पुन्हा उघडून बटण दाबा. कुणी उठून सेंटरकडे पळालं. कुणी म्हणालं, आता कशाला, पोरीला मामाकडं धाडलं शेतीच्या कामाला, पण धाडते निरोप. आणि बऱ्याच जणांनी सांगितलं, आम्ही एकीचंच भरलं की मग. मी विचारायचे, कोणतीचं? पहिल्यांदा विचारलं ते सहज. मग एकेकाचं उत्तर ऐकून मी जास्तच लक्ष देऊन विचारायला लागले. धाकटीचं. धाकटीचं. धाकटी हुशार हाय. थोरलीला कामाची सवय हाय. थोरली म्हनली मीच ऱ्हाते. ज्यांनी ज्यांनी एकीला सोडलं होतं त्या सगळ्यांनी थोरलीला सोडलं होतं, आणि प्रत्येक घरी थोरली स्वतःच 'ऱ्हाते' म्हणाली होती. बालाजी सरांना मी विचारलं, तुमच्या पानावर? त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली. त्यांनाही तेच ऐकू येत होतं. प्रत्येकाला मी सांगितलं, दुसरीचं नाव आत्ता घालता येतंय, घाला, मी लाइनवर आहे. घालेपर्यंत मी फोन सोडला नाही. बावीस घरं झाली. माझा आवाज बसला होता, पण हात थांबत नव्हते, आणि खरं सांगायचं तर इतकं नेटाने काम मी कित्येक महिन्यांत केलं नव्हतं.

पावणेपाचला जळकोटचा फोन आला. "लाईट आली म्याडम. लाल पट्टी गेली! जादूच केली तुमी," भुजंगभाऊ ओरडत होते. मी म्हणाले, "जादू नाही, माझीच चूक होती, मी दुरुस्त केली. माफ करा. भरा आता बिगीनं." मला इकडे त्यांचा फॉर्म भरताना दिसत होता. पहिल्या रकान्यात, 'अर्जदार' लिहिलंय तिथं, ऋतुजा. 'सोबतची बहीण' तिथं, साक्षी. बटण हिरवं होतं. दाबलं की संपलं. "थांबा," मी म्हणाले. "भाऊ, दाबू नका अजून. जागा कमी पडल्या तर आधी पहिल्या रकान्यातल्या मुलीला घेतात, दुसरी प्रतीक्षा यादीत जाते. यंदा अर्ज लई आलेत." "हाव, सेंटरवाला सांगलाय. म्हनून तर धाकटीला वर टाकलं. हुशार हाय ती." "टक्के किती तिला?" "अठ्ठ्याहत्तर." "आणि थोरलीला?" "शहात्तर," तो म्हणाला. मी डोळे मिटले. "साक्षीला द्या फोन."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली. "हालो," ती म्हणाली. तोच आवाज. दहा मिनिटं उरली होती आणि मला घाई करायची नव्हती. "साक्षी, तुला शिकायचंय का?" मी विचारलं. मागे पंखा सुरू झाल्याचं, कुणी तरी खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं. "बाबा म्हनतेत ना..." "बाबांना नाही विचारलं. तुला विचारलं." मग अगदी हळू, बहुतेक फोनवर हात धरून, "हाव." मी म्हणाले, "मग पहिल्या रकान्यातलं नाव खोड आणि तुझं लिही. तुझ्या हाताने लिही. ऋतुजाचं खाली." "आन् तिला जागा न्हाई भेटली तर?" "तर ती थांबंल. यादी सरकली की येईल. धाकट्यांना थांबता येतं गं, काही होत नाही." "तुमी थोरल्या का धाकट्या?" तिने विचारलं. मी म्हणाले, "धाकटी." स्क्रीनवर पहिला रकाना रिकामा झाला होता आणि तसाच रिकामा होता. मग तिने विचारलं, खोडी काढायला नाही, खरंच माहीत करून घ्यायला, "तुमी कदी थांबलाव का, म्याडम?"

"नाही," मी म्हणाले. "तू नाव लिही."